मुक्ता बदलली आणि घराघरात दोन पार्ट्या पडल्या
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

यावेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. स्टार प्रवाहवरच्या 'प्रेमाची गोष्ट' या मालिकेतून तेजश्री प्रधान जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडली आणि मुक्ता या नायिकेच्या भूमिकेत स्वरदा ठिगळे आली, त्यावर गोव्यात काणकोणापासून पेडण्यापर्यंत सगळीकडून लोकांनी लिहिलंय, कुणी रागानं, कुणी रडवेलं होऊन, एकानं तर चॅनलला पाठवायचं पत्र चुकून आम्हालाच पाठवलंय. सगळी छापणं शक्य नाही, जी वेगळी वाटली ती घेतलीत.

ताई, आमच्याकडे ही सिरीयल सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली त्या दिवसापासून लागते. सासूबाई तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावतात, मग नातवाचा परवचा, मग आम्ही दोघी स्वयंपाक उरकतो आणि आठला सगळे टीव्हीसमोर, त्या वेळेत फोन आला तरी कुणी उचलत नाही. तेजश्री गेली आणि सासूबाई टीव्हीकडे पाठ करून बसल्या, म्हणतात ही माझी मुक्ता नव्हे. नणंद म्हणते सगळ्यांनी मिळून बघायचंच बंद करूया, म्हणजे चॅनलला समजेल. खरंच समजतं का, की आपण गोव्यातले चार लोक, आपल्याला विचारतो कोण?
— एक सून, फोंडा

पहिल्यांदा सासूबाईंबद्दल बोलते. त्यांना घरात कुणी हसत असेल तर प्लीज थांबवा. तेजश्री काही २०२३ मध्ये त्यांच्या घरी आलेली नाही, २०१३ मध्ये 'होणार सून मी ह्या घरची'मधली जान्हवी म्हणून आली, 'काहीही हं श्री' हे वाक्य तेव्हा आपल्याकडे बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात सगळीकडे ऐकू यायचं, मग 'अग्गंबाई सासूबाई'मधली शुभ्रा आणि मग मुक्ता. म्हणजे दहा-अकरा वर्षं ही मुलगी मध्ये मध्ये त्यांच्या हॉलमध्ये येऊन बसतेय. एवढ्या वर्षांत माणूस चेहरा ओळखायला लागतो, आवाज ओळखायला लागतो, ही आता रडणार की गप्प बसणार हे त्यांना आधी कळतं. असं माणूस एका संध्याकाळी दिसेनासं झालं आणि त्याच नावानं, त्याच मंगळसूत्रात दुसरीच कुणी उभी राहिली तर पोटात तुटणारच. त्यात वेडेपणा काही नाही.

आता नणंदेचा प्रश्न. गोव्यातले म्हणून आपल्याला कोण विचारतो असं म्हणू नका, कारण मराठी चॅनलची टीआरपी मोजताना महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार धरतात. दर गुरुवारी जे आकडे येतात ते बार्क नावाची संस्था काढते आणि त्यात गोव्यातली घरंही असतात. पण ही मोजणी होते कशी ते समजून घ्या. देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत एक छोटं यंत्र टीव्हीला जोडलेलं असतं, चॅनलच्या आवाजातच एक खूण मिसळलेली असते जी आपल्या कानाला ऐकू येत नाही, यंत्राला येते, त्यावरून त्या घरात काय लागलं होतं ते नोंदलं जातं. ही घरं कुठली ते गुप्त असतं. तुमच्या घरी ते यंत्र नसेल तर तुम्ही टीव्ही बंद केला काय आणि रात्रभर चालू ठेवला काय, गुरुवारच्या आकड्यात फरक पडत नाही. हॉटस्टारवर मोबाईलमध्ये बघत असाल तर तेही या आकड्यात येत नाही, त्याचा हिशेब वेगळा.

म्हणून घरातल्या घरात बहिष्कार घालण्यापेक्षा सरळ लिहा. चॅनलच्या अधिकृत पेजवर, ईमेलवर, सभ्य मराठीत, काय आवडलं नाही ते मुद्द्यावर लिहा. चॅनलची माणसं हे वाचतात, कारण गुरुवारी आकडा पडला तर तो का पडला हे आकडा सांगत नाही, ते लोकांच्या लिहिण्यावरूनच कळतं. आणि माझी स्वतःची एक मागणी आहे, ती तुम्हीही त्या पत्रात घाला. मुख्य भूमिकेतला कलाकार बदलणार असेल तर प्रेक्षकाला आधी सांगा. आपल्याकडे काय होतं, एक दिवस नवा प्रोमो येतो, त्यात नवा चेहरा असतो आणि तोच निरोप. शंभर-शंभर भाग ज्यांनी नेमानं बघितलेत त्यांना जुन्या कलाकारानं दोन मिनिटं येऊन निरोप घेतलेला दाखवला, नव्या कलाकाराची ओळख तिथेच करून दिली, तर निम्मा राग तिथेच शमेल. नाटकात नट बदलला तर जाहिरातीत नाव येतं, तिकीट काढणाऱ्याला ते माहीत असतं. टीव्हीच्या प्रेक्षकाला एवढा मान का नको? मला हे मनापासून वाटतं आणि दर वेळी असं झालं की पुन्हा वाटतं.

सासूबाईंना जबरदस्ती करू नका. नातवाला बघू दे, त्या आतून ऐकत असतीलच.

आम्ही मैत्रिणी मिळून तेजश्रीचं फॅनपेज चालवतो. ती गेल्यावर आम्ही रोज पोस्ट टाकतोय, पण आता कमेंटमध्ये लोक नव्या मुक्ताच्या दिसण्यावर, तिच्या नाकावर, उंचीवर काहीही लिहितात. मी काही डिलीट केल्या तर आमच्याच ग्रुपमधल्या म्हणाल्या तू कुणाच्या साईडला आहेस? ताई तुम्हीच सांगा, राग कुठेतरी काढायचाच ना?
— कॉलेजची विद्यार्थिनी, म्हापसा

तू डिलीट केल्यास ते शंभर टक्के बरोबर केलंस, आणि उरलेल्याही कर.

बाय गो, जरा विचार कर, स्वरदाला कुणीतरी फोन केला, काम आहे म्हणाले, ती आली. तिनं कुणाला काढलेलं नाही. ती नवखीही नाही, सोनी मराठीवर ताराराणींची मुख्य भूमिका केलेली मुलगी आहे. मालिकेत कोण राहणार, कोण जाणार हे चॅनल आणि निर्माते यांच्यात आणि त्या कलाकारात ठरतं, नवीन येणारीला तिथे मत नसतं. आणि तरी सगळ्या शिव्या तिच्याच वाट्याला, कारण ती समोर दिसते आणि तिचं अकाउंट सापडतं.

तुला त्याच मालिकेतलं उदाहरण देते. सावनी तुम्हा सगळ्यांना आवडते ना, अपूर्वा नेमळेकर. हीच अपूर्वा 'रात्रीस खेळ चाले'मधली शेवंता होती, सावंतवाडीजवळ आकेरीला शूटिंग व्हायचं, आपल्या बाजूचे कितीतरी लोक तो वाडा बघायला जायचे. २०२१ मध्ये तिनं तिसरा भाग मध्येच सोडला आणि कृतिका तुळसकर शेवंता झाली. तेव्हा कृतिकाला लोक काय काय बोलले ते शोधून वाच, आज तुझ्या पेजवर जे लिहिलं जातंय तसंच आहे, नाव तेवढं वेगळं. म्हणजे एका मालिकेत जिची जागा दुसरीनं घेतली ती पुढे दुसऱ्या मालिकेत आनंदानं काम करू लागली. यांचं कामच असं फिरतं असतं.

राग काढायचाच असेल तर निर्णयावर काढ. 'मुक्ताचे संवाद पूर्वीसारखे राहिले नाहीत' असं लिही, 'आम्हाला आधी का नाही सांगितलं' असं लिही. नाक, रंग, उंची हा विषय तुमच्या पेजवर नको, तसा नियमच वरती पिन करून ठेव. आणि ज्या मैत्रिणी साईड विचारतात त्यांना सांग, तेजश्रीच्या नावाच्या पेजवर दुसऱ्या बाईची बदनामी झालेली तेजश्रीला आवडेल का? हा प्रश्न विचारल्यावर बऱ्याचजणी गप्प होतील.

मी गावच्या जत्रेच्या नाटकात काम करतो. आमच्याकडे एकच ऐतिहासिक नाटक चार वर्षांनी परत होतं, संभाजी वेगळा, येसूबाई वेगळी, कुणी तक्रार करत नाही. मग टीव्हीवर बाई बदलली तर एवढी बोंब का?
— एक हौशी नट, डिचोली

तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, पण मला तुमचं म्हणणं अर्धंच पटतं.

गोव्यात जत्रेचं नाटक म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत आहे. पालखी फिरून आली, आरती झाली, मध्यरात्र उलटून गेली की पडदा वर जातो. पुरुष सगळे गावातले, स्त्री कलाकार बाहेरून ठरवलेली, ती रंगीत तालमीला एकदा येऊन गेलेली असते किंवा तेही नाही. मी स्वतः विंगेत बसून बघितलंय, संध्याकाळी ती बॅग घेऊन उतरते, चहा पिता पिता वही उघडते, प्रॉम्प्टरला विचारते 'इथे मी कुठल्या बाजूनं येते, आणि ह्या वाक्यानंतर हे थांबतात की लगेच बोलतात?', तो पेन्सिलनं खूण करून देतो, आणि रात्री साडेबाराला तीच बाई स्टेजवर अशी काही उभी राहते की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावतात. हे बळ थोडं नव्हे, आणि आपला प्रेक्षक त्याची कदर करतो म्हणूनच भूमिका बदलली तरी त्याला खटकत नाही.

पण तिथे संहिता पक्की असते. लेखकानं एकदा लिहिली, मग ती कुणाच्याही तोंडी बसते, भूमिका लेखकाची असते. रोजच्या मालिकेत उलटं चालतं. सुरुवातीचे काही आठवडे लेखक आपल्या मनातली मुक्ता लिहितो, पुढे तो तेजश्रीची मुक्ता लिहायला लागतो. ती कुठे श्वास घेते, कुठल्या शब्दावर हसते, लांब वाक्य तिला झेपतं की तुटक, हे बघून संवाद तसे होत जातात, कित्येकदा सीन आदल्या रात्री नाहीतर त्याच सकाळी हातात येतो, त्यामुळे लेखकाच्या कानात त्या नटीचाच आवाज असतो. आता ती गेली. नव्या मुलीच्या अंगावर दुसरीच्या मापाचं शिवलेलं पोलकं चढवलंय, ते खांद्यात ओढणार आणि कमरेत सैल होणार. यात ना तिची चूक ना प्रेक्षकाची. लेखकाला तिचं माप कळायला काही आठवडे जातात, तोवर बघणाऱ्यालाही काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, पहिल्या आठवड्यात निकाल देऊ नका. आमच्या पिढीनं हे मोठं उदाहरण बघितलंय. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये २००१ साली नायक मिहिर मेला असं दाखवलं तेव्हा लोकांनी एवढा गलबला केला की त्याला परत जिवंत करावा लागला. अमर उपाध्याय पुढे तरीही बाहेर पडला, मग इंदर कुमार आला, मग रोनित रॉय आला. रोनित पहिल्यांदा आला तेव्हा आमच्या शेजारच्या वयनींनी टीव्हीच बंद केला होता, आणि मालिका २००८ मध्ये संपली तेव्हा त्याच वयनींना मिहिर म्हटलं की रोनितच डोळ्यासमोर यायचा.

उलटंही होतं, तेही सांगायला हवं. 'अग्गंबाई सासूबाई' संपून २०२१ मध्ये 'अग्गंबाई सूनबाई' सुरू झाली, शुभ्रा बदलून उमा पेंढारकर आली, सोहम बदलून अद्वैत दादरकर आला, आणि उमाबद्दल राग नसतानाही कितीतरी घरांतली गोडी गेली ती गेलीच, कारण तिथे नुसते चेहरे बदलले नव्हते, शुभ्राचा स्वभावच बदलला होता, जी मुलगी सासूच्या लग्नासाठी सगळ्यांशी भांडली ती एकदम घाबरट, खचलेली दाखवली. माझं मत असं की प्रेक्षक चेहऱ्यापेक्षा स्वभाव बदलला की जास्त दुखावतो. मुक्ता शिकलेली, दातांची डॉक्टर, नवऱ्याच्या छोट्या मुलीवर, सईवर, जीव टाकणारी आणि चुकीच्या गोष्टीला समोर उभं राहून नाही म्हणणारी, एवढं जपलं तर लोक स्वरदाला सामावून घेतील. नाही जपलं तर तेजश्री परत आली तरी उपयोग नाही.

लोकप्रिय असताना, मुख्य भूमिका असताना कोणी सोडून का जातं? एवढा पैसा, एवढं नाव. आम्हाला तर हे नखरे वाटतात.
— एक गृहस्थ, मडगाव

नखरे म्हणायच्या आधी त्यांचा दिवस बघा ना. मालिकेची शिफ्ट बारा तासांची, त्याच्यावर मेकअपचा आणि येण्याजाण्याचा वेळ. सेट कुठे, तर घोडबंदर रोड, मीरा रोड, मढ, फिल्मसिटी, आणि मुंबईचं ट्रॅफिक तुम्हाला मी काय सांगणार. मुख्य नायिका जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये असते त्यामुळे तिला महिन्यातून मोजक्या सुट्ट्या. पैसे दिवसाच्या हिशेबानं ठरतात पण हातात यायला साधारण तीन महिने लागतात. करार असा की दुसरं काम घेता येत नाही किंवा परवानगी काढावी लागते. सणाला घर नाही, आजारी पडलं तरी टेलिकास्ट थांबत नाही, बँक म्हणजे आधी काढून ठेवलेले भाग संपत आलेले असले तर सलाईन काढून सेटवर आलेले लोक आहेत.

आपण हे जवळून बघितलंय की. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा किती मराठी-हिंदी मालिकांची युनिटं गोव्यात आली होती, हॉटेलांत आणि रिसॉर्टमध्ये राहून काम करत होती, आणि मे महिन्यात इथेही कोविड वाढला, विरोध झाला आणि सरकारनं परवानग्या रद्द केल्या तेव्हा त्यांना गाशा गुंडाळावा लागला. विरोध करणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, आपली माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत होती. पण त्या दिवसांत घरदार सोडून, पोरांना सोडून हे कलाकार इथे आले ते मालिका बंद पडू नये म्हणून, ते नखरे नव्हते.

सोडायची कारणं माणसागणिक वेगळी. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया, रसिका सुनील, ऐन भरात असताना २०१८ मध्ये शिकायला अमेरिकेला गेली. 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या वहिनीसाहेब, धनश्री काडगावकर, बाळंतपणासाठी बाहेर पडल्या. कुणाला कथेचं वळण पटत नाही, कुणाला सेटवरची वागणूक, कुणाला नाटक करायचं असतं आणि मालिकेत राहून दौरे जमत नाहीत. तुमच्या ऑफिसातला माणूस नोकरी बदलतो तेव्हा त्याला आपण शुभेच्छा देतो, केक कापतो, मग यांनाच कारण का विचारायचं? मला वाटतं सांगावंसं वाटलं तर ते सांगतील, नाही वाटलं तर तो त्यांचा हक्क.

गेलेली नायिका परत येते का हो कधी? खोटी आशा नको, खरं सांगा.
— वास्को

येते, पण क्वचित. रसिका सुनील २०२० मध्ये परत शनाया झाली, मधला सगळा काळ ईशा केसकरनं ती भूमिका सांभाळली होती. ईशानं निमूट जागा सोडली, तिचं कौतुक फारसं कुणी केलं नाही, म्हणून मी इथे करते. उलट 'तारक मेहता'मधली दयाबेन, दिशा वकानी, २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली ती गेलीच, लोक अजून वाट बघतायत. मुक्ताच्या बाबतीत ती जागा नवीन मुलीनं घेतली, तेव्हा वाट बघत बसू नका. तेजश्री दुसऱ्या मालिकेत दिसली की ती बघा.

बाय, मी एकटीच असते. मुलगा पुण्याला, मुलगी दुबईला. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी मुक्ता यायची तेव्हा घरात कुणीतरी आहे असं वाटायचं, मी तिच्याशी बोलायचे सुद्धा, हे मुलांना सांगितलं नाही, हसतील. आता मला ती नवी मुलगी वाईट आहे असं नाही, पण जेवण जात नाही आठ वाजता. तेजश्रीला पत्र लिहिलं तर तिला मिळेल का? आणि काय लिहू?
— एक काकी, साखळी

काकी, तुमचं पत्र आम्ही ऑफिसात सगळ्यांनी वाचलं.

हसणार कोण? टीव्हीशी बोलणाऱ्या बायका मी घरोघरी बघितल्यात, माझी आत्या तर खलनायिकेला 'मेले, थांब तुला दाखवते' म्हणायची आणि हातातली पोळी तव्यावर करपायची. एकट्या घरात रोज ठराविक वेळेला एक ओळखीचा आवाज येत असेल तर माणूस त्या आवाजावर दिवस बांधतो. तो आवाज गेला की वेळ रिकामी होते आणि जेवण न जाण्याचं कारण तेच आहे. म्हणून आठला एकट्या बसू नका. काही दिवस जेवण साडेसातला करून घ्या, आणि आठ वाजता मुलीला व्हिडिओ कॉल लावा, दुबईत तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, ती कामावरून सुटत असेल. तिला मालिकेचंच सांगा. मुक्ता गेली म्हणून मला करमत नाही हे तिला सांगितलंत तर ती हसणार नाही, उलट तिला कळेल की आईची संध्याकाळ कशी जाते. आणि देवळात भजनाला बायका जमत असतील तर आठवड्यातून एकदा तरी जा, साखळीत गाणाऱ्यांना तोटा नाही.

पत्र जरूर लिहा. शेजारच्या कुठल्याही मुलाला सांगा, तो तेजश्रीचं नावापुढे निळी खूण असलेलं खरं अकाउंट शोधून देईल, कारण खोटी खूप असतात आणि ती पैसेसुद्धा मागतात, तिथे कुणाला फोन नंबर किंवा पत्ता द्यायचा नाही. हातानं कागदावर लिहा, फोटो काढून तिथे पाठवा, तुमचं अक्षर तिला दिसू दे. 'परत ये' असं लिहू नका, तिला त्याचं उत्तर देता येणार नाही आणि वाचून वाईट वाटेल. तुम्ही मला जे लिहिलंत तेच तिला लिहा, की संध्याकाळी तू यायचीस तेव्हा घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. जान्हवी आवडली की मुक्ता, कुठला प्रसंग बघून रडू आलं, तेही लिहा. आणि जमलं तर एक छोटी चिठ्ठी स्वरदालासुद्धा पाठवा, दोनच ओळी, की मी साखळीहून बघतेय, सावकाश कर. तिला आत्ता अशी पत्रं फार कमी येत असतील.